अण्णा कुणाला म्हणायचं

संतपूरला आमच्या मालकीची माती म्हणजे घराच्या भिंतींना लिंपलेली, तेवढीच. बाकी सगळी दुसऱ्यांची. तिच्यात आईनं सोयाबीन कापलं, अप्पांनी तूर बडवली, आणि काम संपलं की पदर-धोतर झटकून घरी आले. अप्पा म्हणजे माझे वडील. एका वर्षी ते गुलबर्ग्याला डाळीच्या मिलमध्ये हमालीला गेले आणि मागून आम्हां तिघांना बोलावून घेतलं. आई, माझा मोठा भाऊ आणि मी. मिलच्या मागच्या भिंतीला टेकून पत्र्याच्या खोल्यांची रांग होती, त्यातली एक आमची. गुलबर्ग्याचा उन्हाळा ज्यानं पत्र्याखाली काढला नाही, त्यानं मला उन्हाळा सांगू नये. चूल विझलेली असायची तरी दुपारी भांड्याला हात लावला की चटका बसायचा. वर मिलची धूळ. पिवळी, बारीक, तुरीच्या टरफलाची. भाकरीवर बसायची, अंथरुणावर बसायची. अप्पांच्या छातीत बसली ती उठलीच नाही. आधी ते पोत्याखाली खोकायचे, मग पोतं न उचलताच खोकायला लागले. माझा भाऊ तेव्हा नुकता दहावी झाला होता. त्यानं कुणाला न विचारता अप्पांचा आकडा, पोत्याला अडकवायचा तो हमालाचा लोखंडी आकडा, खुंटीवरून काढला. "मी जातो मिलमदी. ही शिकंल," एवढंच म्हणाला.

त्याला मी अण्णा म्हणते. पुढचं सगळं या एका शब्दावरून घडलं, म्हणून आधीच सांगून ठेवते.

आता मी याच शहरातल्या एका कॉलेजात शिकवते. मार्च लागला की परीक्षेच्या ड्यूट्या लागतात. खिडक्यांतून गरम वारा येतो, उत्तरपत्रिकांचे कोपरे फडफडतात, पोरं पॅड आडवं धरून वारा अडवतात आणि घामेजल्या बोटांनी लिहितात. मी बाकांमधून फिरत असते. बाहेरच्या चौकात कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स लागलेला असतो. काळा गॉगल, गळ्यात जाड साखळी, खाली एकमेकांवर चढलेले पोरांचे चेहरे, आणि मोठ्या अक्षरांत 'आमचे अण्णा'. दरवर्षी चेहरा वेगळा असतो. गॉगल तोच असतो. तो फ्लेक्स दिसला की माझ्या तोंडात पिवळी धूळ येते. मी बाटलीतलं पाणी पिते आणि पुन्हा बाकांमधून फिरायला लागते.

पत्र्याच्या खोलीतून आम्ही सुटलो ते बोर्डाच्या क्वार्टर्समध्ये. शहराच्या कडेला, सपाट माळावर, सरकारनं गरिबांसाठी बांधलेल्या इमारती. प्रत्येक इमारतीला एक इंग्रजी अक्षर. आमचं अक्षर डी. पहिल्या दिवशी आईनं भिंतीवरून हात फिरवला आणि तळवा उलटा करून पाहिला. धूळ नव्हती. "बग गं, काईच लागंना हाताला," म्हणून ती हसली. मला गॅलरी मिळाली होती. लोखंडी कठड्याची, जेमतेम एक खुर्ची मावेल अशी. बी.ए.चं शेवटचं वर्ष मी त्या खुर्चीवर काढलं. नळ मात्र वर नव्हता. तो खाली मैदानात, एका ब्लॉकला एक. आणि त्या नळाकडं जायचं म्हणजे जिना उतरायचा, आणि जिन्यात ते बसलेले असायचे.

लोक मला विचारतात, मॅडम, तुम्ही त्या क्वार्टर्समधल्या ना, तिथं फार गुन्हेगारी ना? विचारताना डोळे चमकतात त्यांचे. त्यांना तलवारीनं कापलेला केक ऐकायचा असतो. हो, कापायचे. तलवारीनं केक कापायचे, त्याचा व्हिडिओ करायचे, केकचं क्रीम तलवारीवरून चाटायचे. लांब पात्याचा कोयता असतो, त्याला आमच्याकडं 'लाँग' म्हणतात, तो पाठीमागं शर्टाखाली घालून सायलेन्सर काढलेल्या गाड्या उडवायचे. बाजारातून येणाऱ्या बायकांच्या गळ्यातलं ओढायचे, पोरांच्या हातातले फोन हिसकायचे, गाड्यावरची भजी खाऊन गाडेवाल्यालाच थापड मारायचे. डी ब्लॉकची टोळी आमच्या जिन्यात, दुसरी टोळी मैदानापलीकडच्या पाण्याच्या टाकीखाली. वर्तमानपत्रात यांच्या मारामारीला टोळीयुद्ध म्हणायचे. युद्ध! पोरगेल्या मिशांना इतका मोठा शब्द. मला विचाराल तर मला युद्ध दिसलं नाही, गुडघे दिसले. जिन्याच्या सावलीत पसरून बसलेले गुडघे. वर-खाली जायचं असेल तर हातात घागर असो, पिशवी असो, कडेवर लेकरू असो, थांबायचं आणि म्हणायचं, "अण्णा, जरा." मग गुडघे आवरले जायचे, तेही सावकाश. अप्पांच्या वयाची माणसंसुद्धा म्हणायची. खुद्द अप्पासुद्धा. हमालीत सगळ्यांना अण्णा म्हणायची सवय त्यांच्या जिभेला होती.

ज्याला म्हणायचं तो मधोमध बसलेला असायचा. वयानं माझ्या भावाएवढाच. हाताला कडं, दाढी कोरलेली. त्याचं नाव कुणी घेत नसे.

आमच्याकडं अण्णा हा शब्द काही मोठा नाही. कन्नडातून आला आणि आमचाच झाला, जसं अक्का आलं. घरातला थोरला तो अण्णा. गावात शेजारचा थोरला तोही अण्णा. आई सांगते, मी आईला आई म्हणायच्या आधी भावाला अण्णा म्हटलं होतं. असल्या शब्दावर कुणी मालकी सांगेल असं आमच्या डोक्यात येणार तरी कसं?

नवीन राहायला आलो त्याच आठवड्यात एका दुपारी नळाला पाणी आलं. मी गॅलरीत पुस्तक घेऊन बसले होते. अण्णा मैदानात एका माणसाशी बोलत उभा दिसला. मी उभी राहून संतपूरच्या सवयीनं खच्चून ओरडले, "अण्णाऽऽ! पानी आलंय! घागर भरून वर घेऊन ये!"

खाली जिन्याच्या तोंडाशी तो मधोमध बसणारा उभा होता. त्यानं मान वर केली. त्याच्याच पोरांपैकी एकजण हसून म्हणाला, "अण्णा, तुमाला बोलवायलीय बगा. उचला घागर!" बाकीचे पोट धरून हसले. मीही हसले, कारण मला वाटलं चेष्टा आहे, आपल्याच माणसांतली.

संध्याकाळी जिन्यात गुडघे हलले नाहीत.

"कोनाला हाक मारलीस?"

"माझ्या भावाला."

"त्याला नाव न्हाई का?"

"हाय की. पन मी अण्णा म्हनते."

"हितं अण्णा एकच हाय."

"तुमच्यासाठी असंल," मी म्हणाले, आणि घागर गुडघ्याला लागली तर लागू दे म्हणून तशीच वर गेले. पाणी सांडलं त्याच्या पँटवर. मुद्दाम सांडलं नाही, पण वाईटही वाटलं नाही.

त्या रात्री जेवताना अण्णानं ताटातून मान वर न करता सांगितलं, "बग, बाहेर तेवढं मला नावानं हाक मारत जा."

"कामून?"

"औंदा परीक्षा हाय तुजी. तेवढी होऊन जाऊ दे."

"परीक्षेचा काय संबंध? सभ्य लोकं जिन्यात बसत न्हाईत, तेवढंच कळतंय मला."

"तू कॉलेजात शिकायलीस. मला रोज त्याच जिन्यानं पोती उचलायला जायचंय."

आई म्हणाली, "जेवा गुमान." अप्पा खोकले. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गॅलरीतून हाक मारली. अण्णाच म्हणून. पुढं जे झालं ते माझ्या हट्टामुळं झालं असं ब्लॉकातल्या निम्म्या लोकांचं मत आहे. असू दे. सख्ख्या भावाला हाक मारणं हा हट्ट, आणि लाँग घेऊन बसणं ही परिस्थिती, असा हिशेब मला कुणी शिकवू नये. मी शिकलेली आहे.

त्याचं नाव मला कळलं ते त्याच्या आईकडून. मुक्ताकाकू माझ्या आईशेजारी बसूनच मिलमध्ये डाळ निवडायची. सुपातले खडे काढता काढता दोघी लेकरांची गाऱ्हाणी करायच्या. काकू संध्याकाळी नळावर यायची, पदर खोचायची आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडायची, "सुन्याऽऽ! उठ की मुडद्या, घागर धर! का तुज्या टोळीला पाटवतोस?" जिन्यातली पोरं पायांकडं बघायची. तो उठायचा, घागर उचलायचा, आणि आईमागं चालायला लागायचा. सुनील. सुनील मारुती. डी ब्लॉकात हे नाव सगळ्यांना माहीत होतं आणि त्याच्या आईशिवाय कुणाच्या तोंडात नव्हतं.

माझी गॅलरीतली हाक एवढ्यावरच विरून गेली असती. पण टाकीखालच्या टोळीनं ती उचलली. सुनील गाडीवरून गेला की पलीकडून कुणीतरी बाईचा आवाज काढायचं, "अण्णाऽऽ, पानी आलंय! घागर आन!" आणि सगळी टाकी हसायची. दिवसभर. रस्त्यावर, पानपट्टीवर, थिएटरसमोर. मला कॉलेजातून येताना ऐकू यायचं आणि, खरं सांगते, गंमत वाटायची. टाकीवाल्यांना हात लावायची त्याची छाती नव्हती. त्यांच्याकडं त्याच्याइतकेच लाँग होते, एखादा जास्तच. माझ्या भावाकडं पोतं ओढायचा आकडा होता आणि तोही गोदामात ठेवून यायचा. या शूरांची निवड अशी असते.

राज्यशास्त्राचा पेपर झाला त्या दुपारी मी घरी आले, तोंडावर पाणी मारलं आणि वाळलेले कपडे काढायला गॅलरीत गेले. मैदान पांढरंफक पडलं होतं. कुत्रीसुद्धा टाकीच्या सावलीत. मिलची दुपारची सुट्टी झाली होती. अण्णा डोक्याला टॉवेल गुंडाळून, मान खाली घालून मैदानाच्या मधोमध आला होता. उभ्या केलेल्या गाड्यांमागून सुनील निघाला, मागं दोघं. तो धावत नव्हता, भरभर चालत होता, आणि चालताना त्याचा हात पाठीकडं गेला. मला पातं दिसलं. ऊन पडलं त्याच्यावर.

मी ओरडले, "अण्णाऽऽ!"

दोघांनीही वर पाहिलं.

हे मी आजवर हजारदा मनात पाहिलंय. माझ्या भावानं वर पाहिलं, कारण ती त्याची हाक होती. आणि सुनीलनंही पाहिलं, कारण इतक्या दिवसांत सगळ्या क्वार्टर्सकडून स्वतःला अण्णा म्हणवून घेऊन त्याची मान त्या शब्दाला वळायला शिकली होती. हात तेवढा आधीच सुटला होता. मानेवर यायचं ते पातं उजव्या हाताच्या कोपराखाली बसलं. डॉक्टर म्हणाले, वर बसलं असतं तर आणायची गरज नव्हती. मी याला चमत्कार म्हणत नाही. चोरलेली वस्तू चोराच्याच पायात आली, इतकंच.

सरकारी दवाखान्यात पोलीस आले. फौजदार कन्नड बोलणारे, वयस्क, चष्मा कपाळावर. मदतीला म्हणून ब्लॉकातली चार-पाच माणसं आमच्यासोबत आली होती. त्यांना विचारलं, "यारु होडेदरु?" कुणी मारलं?

"अण्णा," एकजण म्हणाला.

"याव अण्णा?"

कोणता अण्णा? लोक एकमेकांकडं बघायला लागले. दुसरा म्हणाला, "आमचे अण्णा... डी ब्लॉकचे..." फौजदारांनी चष्मा खाली घेतला. "गुलबर्ग्यात मलाबी दिवसातून शंभर लोकं अण्णा म्हनतात. मीच मारलो का? हेसरु हेळ्री. नाव सांगा." कुणी सांगेना. माझ्या भावाला विचारलं तर तो पट्टी बांधलेला हात पोटावर धरून म्हणाला, "मी बगितलो न्हाई, साहेब. ऊन डोळ्यावर आलं." मी त्याच्याकडं पाहिलं. तो माझ्याकडं बघत नव्हता. त्याला एवढंच हवं होतं, की माझे उरलेले पेपर सुखानं व्हावेत. पुढच्या पेपरला मला त्याच जिन्यातून उतरायचं होतं आणि मला राखायला त्याला आता हात नव्हता.

"मी बगितलंय," मी म्हणाले. "सुनील. बापाचं नाव मारुती." आडनावही सांगितलं. घराचा नंबर सांगितला.

लिहिणाऱ्या पोलिसानं विचारलं, "म्हंजे अण्णा?"

"न्हाई. अण्णा हा खाटेवर हाय."

फौजदार हसले नाहीत. त्यांनी लिहायला सांगितलं आणि मला प्रत्येक पानावर सही करायला लावली. आमच्यासोबत आलेली माणसं तोवर पाणी प्यायला म्हणून निघून गेली होती. ती परत आली नाहीत.

सुनीलला त्याच दिवशी उचललं. दुसऱ्या दिवशी मुक्ताकाकू आमच्या दारात आली. चप्पल घालूनच आत आली, बसली नाही.

"माज्या लेकाचं नाव घेतलीस तू?"

"व्हय."

"पोलिसात?"

"काकू, नाव तुमी ठिवलंय. मी नुसतं घेतलं."

ती माझ्या आईकडं वळली. "त्याचा बाप बी ह्याच धुळीनं गेला गं. तुला ठावं हाय. पोर वाया गेलं, बाप न्हवता म्हनून."

आई पदर तोंडाला लावून बसली होती. मी बोलले. आतल्या खोलीकडं बोट केलं, जिथं अप्पा खोकत होते. मी म्हणाले, काकू, धूळ एकच होती. माझ्या भावानं आकडा उचलला, तुमच्या लेकानं लाँग उचलला. दोघांच्या घरात एकच डाळ शिजत होती. मला धुळीचं सांगू नका.

काकू वळली. जाताना उंबऱ्याशी थबकली आणि म्हणाली, "दवाखान्यात काय म्हनतात? हात वाचंल का तुज्या भावाचा?" मी म्हणाले, बघू. ती गेली. मिलमध्ये त्यानंतरही दोघी शेजारीच बसायच्या, बसायची जागा तीच होती. पण आई सांगते, सुपातले खडे काढताना दोघी बोलायच्या नाहीत. मुक्ताकाकूबद्दल मला राग नाही. बाकी कुणाबद्दल नाही असं मात्र मी म्हणणार नाही.

उरले होते दोन पेपर. सुनील आत होता, गुडघे जिन्यातच होते. मी हॉल तिकीट पर्समध्ये घालून उतरले तर एकानं सुरू केलं, लग्नात नव्या नवरीला चिडवतात तसं, "नाव घे, नाव घे!" दुसऱ्यानं टाळी धरली. "घ्या की वैनी, उखाणा घ्या!"

मी पायरीवर थांबले. भीती वाटली नाही असं नाही. पायांना घाम सुटला होता आणि चप्पल सरकत होती. पण नळावर मी वर्षभर पाणी भरलं होतं, आणि नळावर येणाऱ्या प्रत्येक आईची हाक मला पाठ होती. म्हणाले, "घेते की. बबलू, तू सुरेखाकाकूचा, खरं नाव बाळासाहेब. तू इस्माईल, चाँदबीचा. तू काशिनाथ, तुला आई काश्या म्हनते, आनि काल तिनं तुला झाडूनं हानलं. आजून घेऊ का? पोलीस इचारले तर तितंबी घेईन. पेपर हाय माझा. सरका."

सरकले. कुणी हसलं नाही. इस्माईलनं तर पाय इतके आत ओढले की भिंतीला टेकला. नाव घेतलं की माणूस एवढासा होतो, हे मला त्या जिन्यात कळलं. आणि म्हणूनच असली माणसं स्वतःचं नाव पुसून दुसऱ्याच्या घरातला शब्द चोरतात. अण्णा, दादा, भाई, अप्पा. आपल्या घरातले सगळे शब्द यांनी नेले. लेकीसुनांनी ज्या शब्दानं हक्कानं हाक मारायची, त्याच शब्दानं यांना लोकांना घाबरवायचं असतं. आणि आपली माणसं देतात. तक्रार तीच आहे माझी, चोरापेक्षा देणाऱ्यांवर जास्त.

मला सांगतात, बेकारी आहे, शिक्षण नाही, समाजानं टाकलेली पोरं आहेत. सांगणारे सगळे लिफ्ट असलेल्या इमारतीत राहतात. आम्हीही टाकलेलेच होतो. त्या ब्लॉकात टाकलेल्यांशिवाय दुसरं कुणी नव्हतं. जी बाई गळ्यातलं ओढलं म्हणून सुजलेली मान धरून रडत होती, ती काय कारखानदारीण होती? ज्याची भजी फुकट खाल्ली तो गाडेवाला काय सावकार होता? यांनी एकदाही बंगल्यात पाऊल टाकलं नाही. गरिबांच्या जिन्यात बसून गरिबांकडूनच सलाम घेतले. माझा कळवळा मोजका आहे आणि तो मी अण्णाच्या हातासाठी खर्च केलाय.

खटला उभा राहायला वेळ लागला. मी तोवर कडगंचीच्या विद्यापीठात एम.ए. करत होते, साक्षीसाठी बसनं यायची. माझ्यानंतर अप्पा उभे राहिले; त्या दुपारी माझी हाक ऐकून तेही गॅलरीत आले होते, त्यांनीही पाहिलं होतं. जिन्यात रोज अण्णा म्हणणारे अप्पा. वकिलानं विचारलं, मारणाऱ्याला ओळखता का? अप्पा बराच वेळ खोकले. मला वाटलं, आता तोच शब्द येणार तोंडातून, जिभेची सवय. त्यांनी पिंजऱ्याकडं बोट केलं आणि स्वच्छ म्हणाले, "ह्यो सुनील." त्यांच्यानंतर अण्णाही बोलला. ऊन डोळ्यावर आलं नव्हतं म्हणाला.

सुनीलला शिक्षा झाली. भोगून बाहेरही आला. काय करतो ते मी विचारत नाही. आमच्या जिन्यात आता कुणी बसत नाही असं लिहायला मला आवडलं असतं, पण मी खोटं लिहीत नाही. टाकीखाली नवी पोरं आहेत, चौकात नवा फ्लेक्स आहे. अप्पा गेले. आई अजून डी ब्लॉकातच राहते, ते घर सोडायला तयार नाही. भिंतीला हात लावते आणि म्हणते, धूळ न्हाई बग. माझ्या भावाच्या उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत. आकडा धरता येत नाही म्हणून तो मिलमध्ये वजनकाट्यावर बसतो. मी सुट्टीत गेले की जिना चढण्याआधी मैदानात उभी राहते आणि वर गॅलरीकडं तोंड करून, सगळ्या ब्लॉकला ऐकू जाईल असं, ओरडते. या हाकेसाठी आता मला जिन्यात कुणी अडवत नाही. वरून त्याचं डोकं दिसतं, "अगं, लोकं झोपलेत, हळू की," म्हणतो.

त्या उन्हाळ्यात उरलेले दोन्ही पेपर मी दिले आणि बी.ए. पास झाले. आमच्या घराण्यात पहिली. आणि माझ्या भावाला मी अण्णाच म्हणते.